मोरीतली गुणी कुत्री

नायगाव (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय क्लेमेंटीन,

अकरा वेळा फोन केला, अकराही वेळा तू उचलला नाहीस. मग जिजाकडून तुझा निरोप आला: "फोन बिघडलाय, पत्र लिही." वर्षभर कुणाचा फोन बिघडलेला असतो का गं? काही रागबिग असेल तर सरळ सांग. तेहतीस वर्षं शाळेत एका टेबलाला बसलो आपण, एवढा हक्क आहे मला. असो. जिजा सकाळी तुमच्या सांडोरला मासळी विकते आणि दुपारी आमच्या स्टेशनाबाहेर बसते, तर हे पत्र तिच्या पाटीतून येतंय. बोंबलाचा वास आला तर मला बोलू नकोस.

विषय बुंदीचा आहे. शाळेच्या जिन्याखाली ती सापडली तेव्हा पहिला पोळीचा तुकडा तू घातला होतास, म्हणून तुलाच लिहितेय. मागच्या दिवाळीत कुणीतरी आमच्या मजल्यावर, लिफ्टसमोर, सुतळी बॉम्ब लावला. लिफ्टसमोर! बुंदी गळपट्ट्यातून मान सोडवून नऊ मजले उतरून पळाली. दोन दिवसांनी खाडीकडच्या चिखलात सापडली, पोटापर्यंत रुतलेली. तेव्हापासून तिच्या हृदयाची झडप नीट काम करत नाही. डॉक्टर म्हणाले, "असा आणखी एक धक्का बसला तर मी काही सांगू शकत नाही."

हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. निदान जिन्यात आणि लॉबीत फटाके नकोत, एवढंच मागितलं. त्यावर आमचे सेक्रेटरी विघ्नेश, वय वर्षं बत्तीस, मला म्हणतात, "मॅडम, तुमची कुत्री सेन्सिटिव्ह आहे, त्याला सोसायटी काय करणार? तुम्हाला आपल्या सणाचं वावडं आहे का?" मला! दरवर्षी खालची पन्नास ठिपक्यांची रांगोळी मी काढते. पोरांचा किल्ला करायला माती मी आणून देते. यांच्या घरात चकली मोडते तेव्हा भाजणी विचारायला माझ्याच दारात येतात. माझं तोंड इतकं कडू झालं की घरी येऊन साखरेचा चहा दोनदा प्यायले.

तर, पाच-सहा दिवस बुंदीला ठेवशील का? तुमच्या गावात दिवाळीचा एवढा दणका नसेल असं वाटतं. जमत नसेल तर तसं कळव, पण कळव.

तुझी,
मीरा

•

सांडोर
८ ऑक्टोबर

मीरे,

"ठेवशील का" म्हणे! हे विचारायला दोन पानं खर्च केलीस? आणून सोड. आणि त्या विघ्नेशला माझ्याकडे पाठव. त्याचे पाढे पाठ आहेत का ते मला बघायचंय.

रागबिग काही नाही. मोबाईलची मला कटकट होते, त्या काचेवर बोट घासून लिहिता येत नाही. पत्र बरं, माणूस नीट वाक्य करतं.

आमच्या गावाबद्दल निर्धास्त राहा. एके काळी इथेही दिवाळी, लग्नं, नाताळ, थर्टीफर्स्ट, सगळ्याला कान फुटायचे. पण गेली तीनेक वर्षं बघतेय, लोक फार शहाणे झालेत. बँडसुद्धा हल्ली हळू वाजवतात. संध्याकाळी केळीच्या वाडीत उभं राहिलं तर पान हललेलं कळत नाही. ऑस्कर गेल्यापासून घरात मी एकटी, त्यामुळे बुंदीला त्रास द्यायलाही कुणी नाही.

क्लेमेंटीन

•

नायगाव
१७ ऑक्टोबर, वसुबारस

प्रिय क्लेमेंटीन,

काल बुंदीला सोडायला आले तर तू मला एक शब्द बोलू दिला नाहीस. दारातून जी सुरू झालीस ती रिक्षा वळेपर्यंत. मी विचारलं गोळ्या कुठे ठेवू, तू उत्तर दिलंस फादरच्या बदलीचं. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. फळ्यावर लिहिल्यासारखं डोक्यात ठेव.

तिला आतल्या खोलीत ठेव, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रेडिओ गाण्यांवर लावून ठेव म्हणजे बाहेरचा आवाज त्यात बुडतो. माझी जुनी साडी पिशवीत आहे ती तिच्या अंगाखाली घाल. अंधार पडायच्या आत फिरवून आण आणि पट्टा दोनदा तपास. ती कुठे लपली तर ओढून काढू नकोस, पण जवळ बसून राहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळी. अर्धी गोळी, आवाज सुरू व्हायच्या आधी. फटाके सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. दुपारी एखादी लड ऐकू आली की समजायचं संध्याकाळी जोर असणार, आणि चारलाच द्यायची.

सोसायटीने काल नोटीस लावली: "ज्यांच्याकडे प्राणी आहेत त्यांनी सणाच्या दिवसांत त्यांची बाहेरगावी सोय करावी." म्हणजे मी सोय केली ती यांच्या आज्ञेवरून! ती नोटीस मी फाडली. कॅमेऱ्यात दिसले असेन. दिसू दे.

मीरा

•

सांडोर
२० ऑक्टोबर

मीरे,

तू उगीच घाबरवलंस मला. अगं, किती गुणी आहे ही! चार दिवसांत एकदाही भुंकली नाही. शनिवारी दुपारी स्वतःहून मोरीत गेली आणि पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली ती तिथेच. हलत नाही, बोलत नाही. आमच्या शेजारच्या ॲनिशाची नातवंडं येतात तेव्हा घर डोक्यावर घेतात, त्यांना म्हणावं हिच्याकडून शिका.

तुझं सगळं तंतोतंत पाळतेय. खिडक्या बंद, पडदे बंद, रेडिओ दिवसभर चालू. गोळीची गरजच पडली नाही, कारण इथे आवाजच नाही. सारख्या जांभया देते, तेव्हा तुमच्या इमारतीत तिची झोप होत नसणार असं मला वाटतं. जेवण मात्र कमी आहे. काल सुरमईचा तुकडा काटे काढून समोर ठेवला, तिने मान फिरवली. तुझी आठवण येत असेल. लाळ थोडी गळते आणि केस बरेच गळतात, मोरी दिवसातून दोनदा धुते मी. तेल लावू का तिला?

सांगायचं म्हणजे, मला सोबत झाली. मी मोरीच्या उंबऱ्यावर स्टूल टाकून बसते आणि तिला जुन्या गोष्टी सांगते. ती ऐकते. भाऊबीज झाली की घेऊन जा, पण घाई नाही.

क्लेमेंटीन

•

नायगाव
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

क्लेमेंटीन,

परवा मी तुझ्याकडे एक अक्षर बोलले नाही. रिक्षात बसले तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते ते मलाच माहीत नाही. आता लिहिते.

जिजाने तुझं पत्र दिलं ते मी तिच्यासमोरच वाचलं. "आवाजच नाही" पर्यंत आले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती पाटीवरचं फडकं तसंच हातात धरून म्हणाली, "बाय, टीचरच्या दारात तीन दिस लडी फुटतान. मी सोताच्या कानांनी आयकलं. नि ती कुत्री पानी पन पीत नाय, मोरीत थरथरते." मी म्हटलं, मग क्लेमेंटीन असं का लिहिते? तर म्हणाली, "टीचरला आयकू येत नाय. सगल्या गावाला म्हाईत हाय. तुला नाय?"

मला नाही. तेहतीस वर्षं एका डब्यात जेवलो आणि मला नाही!

तशीच रिक्षा करून आले. तुझ्या फाटकासमोर पोरं लड पसरत होती. दहा मिनिटं घंटा वाजवली. मागच्या दाराने आत आले तर तू पाठमोरी नारळ खवत होतीस, आणि रेडिओवर गाणी नव्हतीच, क्लेमेंटीन. नुसती खरखर होती, पूर्ण आवाजात. चार दिवस ती खरखर आणि बाहेर बॉम्ब, आणि मधे माझी बुंदी, पिंपामागे, भिंतीत शिरायला बघत असलेली. ती "बसली" नव्हती. ती गोठली होती. जांभया झोपेच्या नव्हत्या, भीतीच्या होत्या. लाळ भीतीची, केस गळणं भीतीचं. मी हाक मारली तर तिने माझ्याकडेही पाहिलं नाही.

ती दवाखान्यात आहे. सलाईन लावलंय. डॉक्टर उद्यापर्यंत थांबा म्हणतात.

विघ्नेशचा मला राग येतो, पण त्याने मला खोटं सांगितलं नव्हतं. तुला ऐकू येत नाही हे तू लपवलंस. मला एकदा सांगितलं असतंस तर मी तिला तुझ्याकडे ठेवलं नसतं, किंवा मीही येऊन राहिले असते. तुझ्या तोऱ्यासाठी तिचा जीव पणाला लागला. हे लिहिताना मला वाईट वाटत नाहीये. नंतर वाटेल.

मीरा

•

सांडोर
१४ नोव्हेंबर

मीरा,

तीन आठवडे मी पेन उचललं नाही. बुंदी जगली, हे जिजाने मला माझ्या तळहातावर बोटाने लिहून सांगितलं. तिला "बुंदी" आणि "बरी" एवढंच लिहिता येतं. तेवढं पुरलं. मग मी आत जाऊन रडले.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण माझा राग तुझ्यावरही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी माफी मागणार नाही. तोरा म्हणतेस? मागच्या बाकावरची कुजबूज ओळखणारी बाई होते मी. तीन वर्षांपूर्वी एका मयताला फादर काहीतरी म्हणाले, सगळ्यांनी मान खाली घातली आणि मी हसले, कारण मला वाटलं ते मयताच्या गमतीजमती सांगतायत. त्या दिवसापासून मी लोकांना बोलूच देत नाही. आपणच बोलत राहायचं, म्हणजे ऐकावं लागत नाही. ऐकू येत नाही म्हटलं की माणसं मोठ्याने बोलत नाहीत, मीरे. ती बोलायचंच सोडून देतात. माझ्या बहिणीच्या बाबतीत मी स्वतः तसं केलं होतं.

आणि या गावाचा तर मला संताप आलाय. सगळ्यांना माहीत होतं! मी लपवत होते आणि हे लोक माझ्या लपवण्याला हातभार लावत होते, मान डोलवत, हसत. एकालाही वाटलं नाही की म्हातारीला सांगावं, टीचर, डॉक्टरकडे जा. मी इकडे तुला लिहितेय की लोक शहाणे झालेत!

पण एक गोष्ट कानांवर ढकलता येत नाही. ती थरथरत होती ते बघायला कान लागत नव्हते. मी रोज दोन तास तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि मला दिसलं नाही. कारण जे पोर हलत नाही, बोलत नाही, ते गुणी, असं मी छत्तीस वर्षं मानत आले. आठवतो का तुला सातवीतला तो धनेश? खिडकीजवळ बसायचा, वर्षभर तोंडातून शब्द नाही. मी त्याला "आदर्श विद्यार्थी"चं बक्षीस दिलं. त्याच्या घरी काय चाललं होतं ते आपल्याला नंतर कळलं. ते बक्षीस मला किती बोचतं ते मी तुला कधी बोलले नाही. या तीन आठवड्यांत रोज तेच डोळ्यांसमोर येतंय.

माझं चुकलं. बुंदीची माफी मी तिच्याकडे मागेन, तू येऊ दिलंस तर.

क्लेमेंटीन

•

नायगाव
८ डिसेंबर

क्लेमेंटीन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता वाईट वाटायला लागलंय, म्हणून लिहितेय.

धनेशला बक्षीस द्यायचं ठरलं तेव्हा मीही त्याच टेबलाशी होते. मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा ते ओझं एकटी उचलू नकोस.

बुंदी आता जेवते. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत मी तिला घेऊन बाथरूममध्ये बसले, नळ सोडून, तीन संध्याकाळी. साठी उलटलेली बाई बादलीवर बसून कुत्रीला स्तोत्र म्हणून दाखवतेय. विघ्नेशला पाण्याच्या नासाडीची तक्रार करायला मात्र जिना चढता आला. आणि आता ऐक, यांनी एकतीस डिसेंबरला गच्चीवर डीजे आणि आतषबाजी ठेवली आहे. गच्ची माझ्या डोक्यावर दोन मजले. मी विचारलं, मी कुठे जायचं? म्हणाले, "मॅडम, एक रात्र ॲडजस्ट करा ना." दरवेळी आम्हीच. गणपतीत आम्ही, दिवाळीत आम्ही, क्रिकेटची मॅच जिंकली तरी आम्हीच.

तुझ्याकडे यायचं मनात आलं. पण थर्टीफर्स्टला तुमच्या नाक्यावर जुन्या वर्षाचा तो गवताचा म्हातारा जाळतात, पोटात फटाके भरून. तुझ्या फाटकापासून पन्नास पावलांवर. तेव्हा कुठे जाऊ ते सांग. चिडून विचारत नाही, खरंच विचारतेय.

मीरा

•

सांडोर
१९ डिसेंबर

मीरे,

तिला घेऊन माझ्याकडे ये. म्हाताऱ्याचं मी बघितलं.

दरवर्षी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ऑस्करचाच एखादा कोट असतो, हे तुला माहीत आहे. ऑस्करलाच ते आवडायचं, म्हणायचा, जुनं वर्ष सुटाबुटात जाऊ दे. तो गेल्यावरही मी एकेक कोट देत आले. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर क्लेटन कोट मागायला आला. आठवीत माझ्या हाताखाली दोनदा नापास झालेला तो, आता म्हातारा जाळणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मी त्याला म्हटलं, तोंड माझ्याकडे करून सावकाश बोल, मला ऐकू येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. तो इतका लाजला, जणू त्यालाच ऐकू येत नाही.

मी म्हटलं, शेवटचा कोट आहे, आमच्या लग्नातला. हवा असेल तर म्हातारा नाक्यावर नाही, समुद्राकडच्या मैदानावर जाळायचा. आणि या गल्लीत एकही फटाका नको. तो म्हणतो, "टीचर, असं काय करता? वर्षातून एकदाच तर असतं. म्हातारा फुटला नाय तर मज्जा काय? आणि तुम्हाला कुठे ऐकू येतं, तुम्हाला काय त्रास?"

मीरे, माझं डोकं फिरलं. पन्नाशीला आलेल्या त्या पोराचा कान धरला नाही, एवढंच. मी त्याला मोरीत नेलं, पिंपामागे उकिडवं बसायला लावलं, डोळे मिटायला लावले. आणि पितळेचं पातेलं आणि पळी घेऊन वाजवायला लागले. थांबायचं, पुन्हा वाजवायचं. कधी वाजेल ते त्याला कळू द्यायचं नाही. मला काय, मला ऐकू येत नाही, मी दमेपर्यंत वाजवू शकते. चार मिनिटांत तो उठला. चेहरा पांढरा. म्हटलं, तिने चार दिवस काढले, आणि तिला दार कुठे आहे ते माहीत नव्हतं. आणि त्या चारही दिवसांत मी तिला गुणी म्हणत होते, तेव्हा तुझ्यापेक्षा मी मोठी गुन्हेगार. जा, आणि हे मंडळाला सांग.

म्हातारा मैदानावर जाणार. गल्लीचं शंभर टक्के सांगत नाही, समोरच्या जेसनची पोरं ऐकणारी नाहीत. पण तू असशील. तुझे कान, माझं घड्याळ.

आणखी एक. मी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. यंत्र आणलंय. कपाटात आहे. ते घालायचं मला भय वाटतं, हसू नकोस.

क्लेमेंटीन

•

सांडोर
२ जानेवारी २०२६

मीरे,

काल तू गेलीस आणि बुंदीला रविवारपर्यंत माझ्याकडे सोडून गेलीस. फाटकात पट्टा माझ्या हातात देताना तू दोनदा तपासला नाहीस, ते मी पाहिलं.

एकतीसचं सारखं आठवतंय. पावणेचारला फिरवलं, चारला गोळी, तेही घड्याळ बघून. मग तू, मी आणि ती, तिघी आतल्या खोलीत गादीवर. जेसनच्या पोरांनी लावलेच चार फटाके, होय ना? तू बोट वर करून दाखवायच्या आधीच मला कळले होते. माझा हात तिच्या बरगड्यांवर होता. पहिल्याला तिचं अंग दगड झालं, तिसऱ्याला थोडं कमी. चौथ्याला तिने नुसतं डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि मोठा श्वास सोडला. तू रडत होतीस आणि मला म्हणालीस सर्दी झालीय. ओठ वाचता येतात मला.

सकाळी नऊ वाजता जेसनच्या घरी जाऊन त्याला उठवलं आणि सगळं ऐकवलं. त्याने काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. विघ्नेशचा पत्ता मला पक्का लिहून पाठव. पातेलं घेऊन येणार आहे.

आज सकाळी यंत्र घातलं. एकटीच होते, म्हटलं फजिती झाली तर कुणी बघायला नको. बटण लावलं आणि घरात कुणीतरी शिरलं असं वाटून माझा जीवच घाबरला. मोरीतून आवाज येत होता. ओला, मोठा, सारखा. मी पळी हातात घेऊन गेले.

बुंदी पाणी पीत होती. पिंपापुढे उभी राहून, शेपटी सैल सोडून, सगळी मोरी ओली करत. तीन वर्षांत माझ्या घरात मी ऐकलेला तो पहिला आवाज. पाणी संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

एवढा आवाज करते ती पाणी पिताना, आणि तू मला इतक्या पत्रांत एकदाही सांगितलं नाहीस?

तुझी,
क्लेमेंटीन